पाच धांड्यांचं मखर



भाद्रपद पौर्णिमेला आपल्या खानदेशात लेकीबाळी भुलाबाई बसवतात. कुठे तिला गुलाबाई म्हणतात. महिनाभर रोज संध्याकाळी गाणी, टिपऱ्या आणि डब्यात दडवलेला खाऊ ओळखायचा. कोजागिरीला तिचा निरोप. तेव्हा भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर करायची रीत आहे. त्या दिवसांत शेतातली ज्वारी कणसावर आलेली असते, म्हणून मखरही ज्वारीचं. त्याला दुकान लागत नाही.

आता मात्र नवरात्र ते दिवाळी आपण प्लास्टिकची तोरणं विकत आणतो. धांडे, कापूस, गेरू म्हणजे गरिबाघरची सजावट, असं लेकींना वाटू लागलंय. त्यांना फैजपूरची गोष्ट जरूर सांगा.

फैजपूर म्हणजे आपल्या शेजारच्या यावल तालुक्यातलं. पूर्वी काँग्रेसची अधिवेशनं मोठ्या शहरांत भरत. देशाची माणसं खेड्यात राहतात, तर अधिवेशनही खेड्यात व्हावं, असा गांधीजींचा आग्रह होता. डिसेंबर १९३६ मध्ये ते फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यासाठी जे नगर उभं केलं, त्याला लोकमान्यांच्या नावावरून टिळकनगर म्हणत.

ते नगर सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नामवंत चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. सांगणं एकच : सामान गावचं आणि हातही गावचे. मग बांबू, चटया, गवताचं छप्पर यांतूनच कमानी आणि मांडव उभे राहिले. देशभरातून आलेल्या लोकांनी ते पाहिलं आणि खुद्द गांधीजींनी नंदलालांच्या कामाचं कौतुक केलं.

पुढच्या अधिवेशनासाठी, १९३८ साली, नंदलाल गुजरातेत हरिपुऱ्याला गेले. तेही गाव तापीकाठचंच. आपल्या तालुक्याजवळून वाहणारी तापी पुढे तिथे जाते. तिथे त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी चित्रं काढली. त्यांत राजेराण्या नव्हत्या. खेड्यातली, कामात गुंतलेली माणसं होती.

बायांनो, यात एक गोष्ट ध्यानात घ्या. नंदलालांचं नाव इतिहासात राहिलं, ते योग्यच झालं. पण फैजपूरचा बांबू चिरणाऱ्या, चटया विणणाऱ्या हातांची नावं आपल्याला कुणी शिकवली नाहीत. भुलाबाईचं पहिलं मखर कुणी बांधलं, तेही कुठे लिहिलेलं नाही. बायकांचं असं काम वहीत राहत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जातं. मधला एक हात थांबला, की ते तिथेच संपतं.

म्हणून यंदा एवढं करा. कणसासकट पाच धांडे कापा. शेंडे सुतळीने एकत्र बांधा, बुंधे पसरून उभे करा आणि मधे भुलाबाई बसवा. शेतात ज्वारी नसेल, तर मक्याचे धांडे घ्या. वेचणीतला मूठभर कापूस बाजूला ठेवा. त्याची वस्त्रमाळ वळून तिला कुंकवाची बोटं लावा आणि ती देव्हाऱ्याला घाला. ओटा गेरूने सारवा, वर चुन्याची किंवा तांदळाच्या पिठाची रांगोळी काढा. दाराला झेंडू आणि आंब्याची पानं आहेतच. सण झाला, की सुतळी सोडून वाळलेले धांडे गुरांपुढे टाका. प्लास्टिकचं तोरण गाय खाऊ शकत नाही, आणि खाल्लं तर जिवावर बेततं.

आणखी एक. गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांत वयस्कर आजीला विचारा : तुमच्या माहेरी मखर कसं बांधायचे? ती सांगेल ते एका लेकीने वहीत लिहून घ्यावं. वर आजीचं पूर्ण नाव आणि तिच्या माहेरचं गाव लिहायला विसरू नका.