नमुना, परवाना आणि पेटंट : आकुर्डीच्या इंजिनांचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्तीस नेली असता सुटा भाग बदलण्यापूर्वी कारागीर गिऱ्हाइकास एक प्रश्न हटकून विचारतो : कंपनीचा घालावयाचा, की 'डुप्लिकेट' चालेल? किमतीतील अंतर ऐकून गिऱ्हाईक उत्तर देते आणि विषय तेथेच मिटतो. महाराष्ट्रातील एका मोठ्या कारखान्याच्या बाबतीत मात्र तो इतक्या सहजी मिटला नाही. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोवर प्रथम नकलेचा आरोप झाला. पुढे सुमारे पाव शतकाने तोच आरोप करीत ती स्वतः न्यायालयात गेली. एकाच संस्थेने वादाच्या दोन्ही बाजू भोगल्याचे असे उदाहरण भारतीय यंत्रोद्योगाच्या इतिहासात विरळाच.

इंजिनाच्या भागाची नक्कल करणे म्हणजे नेमके काय, हे कॅमशाफ्टच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. झडपा केव्हा उघडाव्यात, किती उघडाव्यात आणि किती काळ उघड्या राहाव्यात, हे या दांड्यावरील उंचवट्यांच्या आकारावरून ठरते. शर्यतीच्या गाड्यांसाठी खास घडविलेला असा दांडा हाती आला, तर अंशांकित चक्र आणि डायल गेज यांच्या साहाय्याने त्याची उंची अंशाअंशागणिक टिपून घेता येते व तसाच दुसरा दांडा घासून काढता येतो. परंतु नमुना वापरलेला असेल, तर त्याची झीजही नकलेत उतरते. शिवाय तो आकार कोणत्या स्प्रिंगसाठी, किती फेऱ्यांच्या वेगासाठी आणि कोणत्या दट्ट्यासाठी योजिला होता, हे धातूवर कोठेही लिहिलेले नसते. मूळ विक्रेता जी अधिक किंमत घेतो, ती बव्हंशी त्याने करून पाहिलेल्या आणि टाकून दिलेल्या आकारांची असते. नकलकारास फक्त शेवटचा आकार मिळतो. त्यामागची कारणे मिळत नाहीत.

आकुर्डीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता, कारण तेथे कारणेही विकत घेतलेली होती. १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेली ही संस्था आरंभी परदेशी स्कूटर आणून विकीत असे. १९५९ साली तिला दुचाकी व तिचाकी वाहने बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि इटलीतील पियाजिओ या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने उत्पादन सुरू झाले. पियाजिओची व्हेस्पा ही कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येत मुरलेल्या अभियंत्याची १९४६ सालची कृती होय. वेगळा सांगाडा न ठेवता पोलादी पत्र्याच्या कवचानेच भार पेलावयाचा, ही तिच्यातील मुख्य कल्पना. सुमारे दशकभर आकुर्डीच्या कामगारांनी ही गाडी मूळ मालकाच्या संमतीने बनविली आणि त्या काळात साचे, मापे, धातूंची पारख, पुरवठादारांची शिस्त असे सारे आत्मसात केले.

१९७१ साली कराराची मुदत संपली. परकीय कंपन्यांशी झालेले असे करार वाढवून देण्यास तत्कालीन सरकारचे धोरण अनुकूल नव्हते. कराराचे नूतनीकरण झाले नाही. १९७२ साली बजाजची चेतक बाजारात आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव, बांधणी मात्र व्हेस्पा स्प्रिंटच्या वळणाची. येथे खरा पेच आहे. चेतक ही कोणा परक्याची गाडी खोलून, मोजून केलेली नक्कल नव्हती. मोल देऊन शिकलेल्या विद्येचाच तो वापर होता. पण विद्या मुदतीपुरती विकत घेतलेली होती. मुदत संपल्यावर यंत्रे परत करता येतात, कागद परत करता येतात. हाताला बसलेले वळण परत कसे करावयाचे? १९७२ सालीच अंमलात आलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने संरक्षणाच्या मुदती आखडत्या घेतल्या होत्या, त्यामुळे देशात बजाजचा मार्ग बऱ्यापैकी मोकळा राहिला. देशाबाहेर तसे नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बजाजच्या स्कूटर परदेशी बाजारात दिसू लागताच पियाजिओने पश्चिम जर्मनी, अमेरिका आदी ठिकाणी दावे गुदरले व तेथील निर्यातीस त्याची झळ बसली.

भारतीय गिऱ्हाइकाने काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. त्याच दशकात कानपूरच्या एल. एम. एल. कंपनीने पियाजिओशी सहकार्य करून 'व्हेस्पा' हे नाव पुन्हा भारतीय रस्त्यावर आणले. म्हणजे अस्सल नावाची गाडी उपलब्ध झाली होती. तरीही चेतकचे वर्चस्व ढळले नाही. तिच्यासाठी वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबण्याची लोकांना सवय झाली होती. आणि दुरुस्ती करणारा हात व सुटे भाग खेड्यापाड्यांत तिचेच पोहोचले होते. अस्सलपणाची कसोटी कागदावर काहीही असो, रस्त्यावर ती अशी लागली.

जाता जाता एक गोष्ट नोंदविणे अवश्य आहे. चेतकच्या दोन धावांच्या इंजिनात झडपा नव्हत्या, म्हणून कॅमशाफ्टही नव्हता; वायूंचे येणेजाणे सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांमधून होई. असे इंजिन समजून घेणे तुलनेने सोपे. २००१ साली आलेल्या पल्सर मोटारसायकलचे चार धावांचे इंजिन वेगळ्या जातीचे होते आणि ते घडविताना बजाजचे अभियंते स्वतः कारणे शोधू लागले होते. लहान व्यासाच्या सिलिंडरात दोन ठिणग्या एकाच वेळी पाडून विरळ मिश्रण नीट जाळण्याच्या योजनेबद्दल कंपनीने जुलै २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. २००३ साली ही योजना 'डीटीएस-आय' या नावाने पल्सरमध्ये आली व २००५ साली पेटंट मंजूर झाले.

२००७ साली टीव्हीएस कंपनीने दोन ठिणग्यांची, पण तीन झडपांची 'फ्लेम' ही मोटारसायकल जाहीर केली, तेव्हा बजाजने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. टीव्हीएसचा बचाव असा होता की, आपले इंजिन ऑस्ट्रियातील ए. व्ही. एल. या संस्थेच्या तंत्रावर आधारलेले आहे आणि दोन ठिणग्यांची कल्पना होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटात पूर्वीच आली आहे. म्हणजे एका पक्षाच्या मते ही नक्कल, तर दुसऱ्याच्या मते मूळ विक्रेत्याकडून रीतसर घेतलेली वस्तू. फक्त मूळ विक्रेता निराळा. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी मनाईहुकूम दिला. टीव्हीएसने मग एकाच ठिणगीची फ्लेम विकण्यास काढली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठविली. बजाजचा दावा दोन झडपांच्या इंजिनापुरता दिसतो आणि तिसरी झडप हा केवळ नावापुरता फरक नव्हे, याकडे खंडपीठाचा कल होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस मुभा देऊन हिशेब ठेवण्यास सांगितले आणि पेटंटाचे खटले रेंगाळू न देण्याची ताकीद दिली. पेटंट खरोखर मोडले गेले की नाही, याचा अंतिम निवाडा मात्र झाला नाही. २०१९ साली उभय पक्षांनी आपसात तडजोड केली.

इकडे पियाजिओ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातच बारामतीस उत्पादन करू लागली होती. बजाजने २००९ साली स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१२ साली बारामतीची व्हेस्पा बाजारात आली. टीव्हीएसशी तडजोड झाली त्याच वर्षी बजाजने चेतक हे नाव पुन्हा बाहेर काढले. ती गाडी विजेवर चालणारी होती, तीत कॅमशाफ्टही नव्हता आणि ठिणगीही नव्हती.