संगणक कक्षातली ती रिकामी सॉकेट्स

स्मरणिकेत शाळेच्या इमारतीचा, स्नेहसंमेलनांचा, गुरुजनांचा इतिहास येतो. संगणक कक्षाचा इतिहास मात्र सहसा राहून जातो. निदान त्यातल्या एका वस्तूचा इतिहास नोंदवावा म्हणून हा लेख. ती वस्तू म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह, आणि तो संगणकाला जोडण्यासाठी करावा लागणारा खटाटोप.

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये हे यंत्र बीबीसीच्या संगणक शिक्षण उपक्रमासाठी आणले होते. फिकट बदामी खोके, वरच्या रांगेत लालसर कळा, आत ६५०२ प्रोसेसर आणि 'मॉडेल बी'मध्ये ३२ किलोबाइट स्मृती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या शंभरपट जागा सहज घेतो.

वीज गेली की त्या यंत्रातले सारे पुसले जाई, आणि वीज तर जायचीच. केलेले काम राखायला साधा कॅसेट रेकॉर्डर होता. १२०० बॉड वेगाने सेकंदाला फार तर १२० बाइट भरत. म्हणजे २० किलोबाइटचा प्रोग्रॅम यायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागे. आवाजाची पातळी जरा चुकली की टेप मागे गुंडाळून पुन्हा सुरुवात. ३५ मिनिटांच्या तासात अशा दोन-तीन खेपा झाल्या की प्रत्यक्ष शिकायला वेळ किती उरणार?

यावरचा उपाय अमेरिकेत आधीच निघाला होता. १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आणला. पण ड्राइव्ह स्वतः फारसा शहाणा नसतो. तो तबकडी फिरवतो, सांगितल्यावर हेड एक पाऊल पुढे-मागे सरकवतो आणि चुंबकीय खुणांचे विद्युत ठोके पाठवतो. त्या ठोक्यांचे बाइट करणे, हवा तो सेक्टर शोधणे, चूक पकडणे ही कामे कंट्रोलरची. हा कंट्रोलर कुठे ठेवायचा, याचे उत्तर प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने दिले. अ‍ॅपलसाठी स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९७८ च्या 'डिस्क टू'चे कार्ड मोजक्या आठ चिपांत बसवले आणि उरलेले काम सॉफ्टवेअरवर सोपवले. कमोडोरने १५४१ ड्राइव्हच्या पोटातच स्वतंत्र प्रोसेसर घातला. एकॉर्नने तिसरी वाट धरली. मुख्य बोर्डावर सॉकेट्स रिकामी ठेवली. ज्याला परवडेल त्याने पुढे चिपा आणून बसवाव्यात.

त्यामुळे फ्लॉपी जोडायची म्हणजे झाकण उघडून कीबोर्ड बाजूला घेणे आले. इंटेलची ८२७१ ही कंट्रोलर चिप आणि तिच्या जोडीच्या काही छोट्या चिपा सॉकेटमध्ये बसवायच्या, वर 'डीएफएस'चा रॉम लावायचा. मग यंत्राच्या बुडाशी असलेल्या ३४ पिनांच्या जागेत पट्टीसारखी केबल खोचायची. केबलच्या एका कडेची तार रंगीत असे. ती पहिल्या पिनेकडे हवी. दोन ड्राइव्ह असतील तर कोणता शून्य आणि कोणता एक, हे ड्राइव्हवरच्या छोट्या जंपरने ठरे. टर्मिनेटर फक्त केबलच्या शेवटच्या ड्राइव्हवर ठेवायचा. आणि हे सगळे वीज बंद करून. अ‍ॅपलच्या कार्डात केबल एक पिन सरकवून खोचली तरी चिप जळत असे.

मोबदल्यात ४० ट्रॅकच्या ड्राइव्हवर एका बाजूला १०० किलोबाइट मिळत, ८० ट्रॅकच्या ड्राइव्हवर २००. एका बाजूला ३१ फायली, नावात सात अक्षरे. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. पण फुकट काहीच नसते. डीएफएस आपल्या कामासाठी २८१६ बाइट स्मृती अडवून ठेवी. त्यामुळे कॅसेटवरून नीट चालणारा मोठा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून उतरवला की 'जागा नाही' म्हणून अडून बसे. शिवाय ८२७१ महाग होती. पुढे अनेकांनी तिच्याऐवजी वेस्टर्न डिजिटलची १७७० चिप असलेले बोर्ड केले आणि एकॉर्नने १९८५ च्या 'बी प्लस'मध्ये तीच घेतली. मग ८२७१ शी थेट बोलणारे काही जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात.

एवढ्या तांत्रिक तपशिलाचे शाळेच्या इतिहासात काय काम, असे कोणी विचारील. माझ्या मते काम आहे. ड्राइव्ह नव्हता तोवर संगणकाचा तास म्हणजे फळ्यासारखा. लिहायचे आणि पुसायचे. ड्राइव्ह आला आणि मुलांचे काम पुढच्या तासापर्यंत टिकू लागले. कालच्या प्रोग्रॅममधली चूक आज सुधारता येऊ लागली. वहीला जे मोल, तेच त्या काळ्या चौकोनी पाकिटाला आले. कुणाच्या शाळेत ड्राइव्ह होता आणि कुणाच्या नव्हता, यावर कोण किती शिकले हेही काही अंशी ठरले.

आता प्रश्न त्या पाकिटांचा. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर काही अमर नाही, आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी फ्लॉपी सापडली तर फेकू नका, आणि उत्साहाने कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालूही नका. आधी खिडकीतून दिसणारी तबकडी उजेडात पाहा. बुरशी असेल तर ती ड्राइव्हच्या हेडला लागेल आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाईल. कडेच्या खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून काही लिहिले जाणार नाही. जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडून तबकडीवरच्या मूळ खुणा जशाच्या तशा उतरवून घेणारी 'ग्रीझवीझल'सारखी छोटी पाटी आज मिळते. आणि तिलाही जोडायची ती तीच ३४ पिनांची केबल.

आपल्या वह्या रद्दीत गेल्या, उत्तरपत्रिकाही गेल्या. तेरा-चौदाव्या वर्षी आपण स्वतः रचलेल्या दहा-वीस ओळी कदाचित अजून कुठेतरी शाबूत असतील. ज्यांच्याकडे अशी फ्लॉपी असेल त्यांनी मेळाव्याला येताना ती कोरड्या पाकिटात घालून जरूर आणावी.