कोरियन शब्दांचं गोत्र

1905 साली सोलमध्ये होमर हल्बर्ट या अमेरिकी शिक्षकाचं एक पुस्तक छापून निघालं. विषय होता कोरियन आणि भारतातल्या द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण. हल्बर्ट 1886 मध्ये राजानं काढलेल्या शाळेत शिकवायला कोरियात आला आणि त्या देशाचाच होऊन गेला. जपाननं कोरियाचा गळा आवळला, तेव्हा राजा कोजोंगची बाजू मांडायला तो 1907 मध्ये हेगपर्यंत धावला. त्याची कबरही सोलमध्येच आहे. कोरियन लोकांचं मूळ शोधताना या माणसानं बोट ठेवलं ते थेट दक्षिण भारतावर. दक्षिण कोरियातले पूर्वज समुद्रमार्गे तिकडून आले असावेत, असा त्याचा कयास होता.

कल्पना पहिल्यांदा त्यालाच सुचली असं नाही. दाले या फ्रेंच पाद्र्यानं 1874 मध्ये कोरियातल्या चर्चचा इतिहास लिहिताना हे साम्य नोंदवलं होतं. दाले कोरियात कधी गेला नव्हता, पण म्हैसूरकडे त्यानं धर्मप्रसाराचं काम केलं होतं. त्यामुळे त्याच्या कानाला दक्षिणेकडच्या भाषांची सवय होती.

सारख्या वाटणाऱ्या शब्दांची यादी मोहात पाडणारी आहे, हे कबूल करायला हवं. दिवसाला कोरियनमध्ये ‘नाल’, तमिळमध्ये ‘नाळ्’. मी म्हणजे ‘ना’ आणि ‘नान्’. गवत दोन्हीकडे ‘पुल’. वडलांना तर दोन्हीकडे ‘आप्पा’च म्हणतात! त्यात दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रत्यय शब्दाच्या मागून चिकटतात. पण अशी वाक्यरचना तुर्की आणि जपानीतही सापडते. ‘आप्पा’बद्दल रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं 1960 मध्ये लिहून ठेवलं आहे: बाळाच्या ओठांना सगळ्यात आधी जमतात ते प, ब, म. म्हणून आईबापांची नावं जगभर एकमेकांसारखी निघतात. त्यासाठी नातं असावं लागत नाही.

सगळ्यात लाघवी जोडी तांदळाची. कोरियनमध्ये तांदूळ म्हणजे ‘स्साल’. संस्कृतात ‘शालि’, आपल्याकडे साळ. कोरियात शेतातल्या भाताला ‘ब्यो’ म्हणतात, तर त्यासाठी ‘व्रीहि’ पुढे केला जातो. पीक गेलं, पिकाबरोबर नाव गेलं. गोष्ट पटकन पटते. ती तपासता येते, कारण कोरियनची जुनी कागदपत्रं शाबूत आहेत. राजा सेजोंगनं तयार केलेली हांगुल लिपी 1446 मध्ये जाहीर झाली. त्या काळच्या पुस्तकांत तांदळाचा शब्द ‘प’ आणि ‘स’ जोडून लिहिलेला दिसतो. त्याच्याही मागे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, सुन मू या चिनी अधिकाऱ्यानं कोरियन शब्दांची यादी केली होती. त्यानं पांढऱ्या तांदळासाठी वापरलेल्या चिनी अक्षरांत ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचीच अक्षरं आहेत, कारण उच्चार जवळपास ‘पोसाल’ होता. हा ‘प’ अजून जिवंत आहे. राळ्याला ‘जो’ म्हणतात, पण टरफल काढलेला राळा म्हणजे ‘जोप्साल’. नव्या हंगामाचा तांदूळ ‘हेप्साल’. ‘शालि’त हा ‘प’ कुठून आणायचा?

गवताचंही तेच. पंधराव्या शतकात कोरियन ‘पुल’मध्ये उकार नव्हताच. तिथे ओठ न गोलावता काढायचा एक वेगळाच स्वर होता. ‘प’च्या शेजारामुळे पुढे त्याचा उकार झाला. भाषा खरोखर सख्ख्या असत्या, तर मागे जावं तसं साम्य वाढायला हवं होतं. इथे ते घटत जातं. आज बहुतेक अभ्यासक कोरियनला, जेजू बेटावरच्या भाषेसह, स्वतंत्र कुळातली मानतात. हल्बर्टचा कयास म्हणूनच टिकला नाही.

शब्दांना गोष्टी चिकटवायची हौस कोरियातही आहे. स्वयंपाकघरातल्या ॲप्रनला ‘हेंगजूचिमा’ म्हणतात. 1593 मध्ये हेंगजूच्या गडावर बायकांनी ओच्यातून दगड वाहून जपान्यांना थोपवलं, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पण या शब्दाचं जुनं रूप चोए सेजिनच्या ग्रंथांत लढाईच्या अर्धशतकाहून आधी आलेलं आहे.

राणी हो ह्वांग-ओकची कथा तर भारतालाच भिडते. इसवी सन 48 मध्ये ‘आयुता’ देशाची राजकन्या जहाजातून कोरियातल्या गाया राज्याच्या सुरो राजाकडे आली, असं ‘सामगुक युसा’त आहे. आयुता म्हणजे अयोध्या मानून 2001 मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. ‘गाया’चं नातं माशाच्या ‘कयल’ या तमिळ नावाशीही जोडलं जातं. मात्र इर्योन भिक्षूनं हा ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला. घटना आणि नोंद यांत बाराशे वर्षांचं अंतर आहे. त्यावर शब्दाची व्युत्पत्ती उभी करणं धाडसाचं आहे.

भारताशी कोरियनचं खरं नातं बौद्ध ग्रंथांच्या वाटेनं आलं. संस्कृतातून चिनीत, चिनीतून कोरियनमध्ये, आणि प्रत्येक टप्प्याला लेखी पुरावा आहे. ‘क्षण’ तिथे ‘चालना’ झाला, ‘नरक’ ‘नाराक’ झाला. असुरांचं रणांगण म्हणजे ‘आसुराजांग’. आज कुठेही प्रचंड गोंधळ माजला की हाच शब्द वापरतात. सर्वांत मोठा प्रवास गंधर्वाचा. महाराष्ट्रात गाणाऱ्याला बालगंधर्व, सवाई गंधर्व म्हणणं हा बहुमान. कोरियात तोच शब्द ‘गॉनदालबा’ म्हणून पोचला आणि घसरत घसरत ‘गॉनदाल’ उरला: आधी कामधंदा न करता हिंडणारा, मग गल्लीतला दादा. कानाला यातलं प्रत्येक साम्य चटकन जाणवतंच असं नाही, तरी नातं पक्कं आहे.

समुद्रमार्गे गेलेला शब्दही आहे, पण तो पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेतलं पावाचं नाव जपानला जाऊन ‘पान’ झालं आणि तिथून कोरियात ‘प्पांग’. पोर्तुगीजांच्याच त्या शब्दाचा मराठीत पाव झाला.