नळीच्या मुखाशी

१९४३ साली, नेदरलँड्सवर जर्मनांचा अंमल असताना, कांपेन येथील डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टणाच्या सेलोफेन नळीतून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचे रक्त फिरवून त्यातील विषद्रव्ये काढणारे, म्हणजे डायलिसिसचे, यंत्र उभे केले; परंतु दर खेपेस नवी रक्तवाहिनी छेदावी लागे, आणि अशा वाहिन्या मोजक्याच असल्यामुळे त्या संपल्या की उपचारही संपे. सिअ‍ॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी मार्च १९६० मध्ये हातातील रोहिणीत एक व नीलेत एक अशा टेफ्लॉनच्या नळ्या कायम बसवून, मधल्या दिवसांत त्या एकमेकींस जोडून ठेवण्याची तजवीज केली, आणि त्यांचा पहिला रोगी पुढे अकरा वर्षे जगला. मात्र नळी जेथे कातडी भेदून बाहेर येते, तेथे जंतूंनाही वाट मिळते.

लंडनमध्ये डॉ. स्टॅन्ली शाल्डन यांनी १९६१ च्या सुमारास जांघेतील शिरेत तारेवरून नळी सरकवली. पुढे गळपट्टीच्या हाडाखालची शीर आणि मग मानेतील शीर पुढे आली. १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेली सिलिकॉनची दुहेरी नळी त्वचेखालच्या बोगद्यातून नेली जाई, आणि तिच्यावरील डेक्रॉनच्या कड्यात ऊती रुजून बाहेरची वाट अडे. पण नळीच्या पोकळीतून जाणारी वाट या बंदोबस्तात आलीच नाही. टोपण उघडताना आत गेलेले जंतू आतल्या पृष्ठभागावर चिकट थर धरून बसतात, औषधाला दाद देत नाहीत, आणि यंत्र सुरू होऊन रक्ताचा ओघ लागताच सुटून थेट हृदयाकडे जातात. रोग्याला खाट हलेल अशी हुडहुडी भरते, दातावर दात आपटतात. त्वचेवर व नाकात निरुपद्रवी राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस अशा वेळी हृदयाच्या झडपांवर किंवा मणक्यांत ठाण मांडतो.

म्हणूनच न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया मला या साऱ्या इतिहासात सर्वांत थोर वाटते. त्यांनी मनगटाजवळ रोहिणी नीलेला जोडली, एवढेच. बाहेर काही उरले नाही. त्या जागी बोट ठेवले तर कातडीखाली रक्ताची थरथर लागते. परंतु हा जोड, म्हणजेच फिस्टुला, वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि उशिरा दवाखान्यात दाखल झालेल्याच्या मानेत नळीच घालावी लागते.

डॉक्टरांनी डायलिसिसची शक्यता सांगितली असेल, तर फिस्टुलाचा विषय आजच काढा. मानेत नळी असेल, तर ती उघडणाऱ्याने हात धुतले का, तोंड झाकले का, हे निःसंकोच विचारा. आणि थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.