भाताची माती आणि लिंबोणीची मुळे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत माती म्हटली की ती भाताची. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतील खाचरांत दर पावसाळ्यात चिखलणी होते आणि घरची कुंडी भरायची वेळ आली की बांधावरची हीच माती घमेल्याने आणली जाते. बंद व्हरांड्यात किंवा ग्रिल लावलेल्या गॅलरीत अशा मातीत दहा-बारा वर्षे काढलेली लिंबोणी अनेकांनी पाहिली असेल. पाने पिवळट, फळ नाही. घातलेले पाणी एक तर वर तुंबते, नाही तर कडेकडेने सरळ खाली निघून जाते. या झाडाचे बोन्साय करू या, असे कोणी सुचवले की पहिला आक्षेप येतो तो मुळे कापण्याला. आधीच दुबळे झाड, त्यात मुळे कापायची?

आक्षेप रास्त आहे. पण कुंडीतल्या झाडाचे मुळांवाचून काय अडते, या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ चारशे वर्षांचा आहे आणि त्यात लिंबूवर्गीय झाडांचा वाटा मोठा आहे.

व्हॅन हेल्मोंट याचा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. २०० पौंड कोरडी माती, ५ पौंडांचे विलोचे रोप, पाच वर्षे फक्त पाणी. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथानुसार झाड १६९ पौंडांवर गेले आणि माती घटली फक्त २ औंस. सारे वजन पाण्यातून आले हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा त्याला पत्ता नव्हता. त्या २ औंसांनाही, म्हणजे खनिज द्रव्यांना, त्याने महत्त्व दिले नाही. तरी एक गोष्ट पक्की झाली : झाड माती खाऊन वाढत नाही. त्यामुळे ‘कुंडीतली माती संपली’ असे आपण म्हणतो, तेव्हा संपते ते दुसरेच काही असते.

संपते ती प्रामुख्याने मातीतली हवा. सेंद्रिय भाग कुजून जातो, कण दबून बसतात, पाण्यातले क्षार साठतात. मुळे कुंडीच्या भिंतीला लागतात आणि तिथेच गोल फिरू लागतात. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, हे आपण वर्गात शिकवतो. कुंडीजवळ आल्यावर मात्र विसरतो. भाताची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असलेली ऊती असते आणि पानांकडून आलेला ऑक्सिजन तिच्यातून मुळांच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणून चिखलातही भात सुखाने उभा राहतो. लिंबोणीकडे ही सोय नाही. जी माती भाताला मानवते, तीच लिंबोणीला गुदमरवते. आणि अशा ओल्या, हवाबंद मातीत मूळकुज करणारी फायटोफ्थोरा बुरशी फावते.

युरोपातील बागवानांना हे अनुभवाने कळले होते. तिथल्या थंडीत संत्री जगवायची तर हिवाळ्यात ती काचघरात हलवावी लागत, म्हणजे झाड आयुष्यभर पेटीतच. व्हर्साय येथील राजवाड्याचे प्रचंड संत्रागृह १६८४ ते १६८६ या काळात उभे राहिले. तिथल्या लाकडी पेट्यांच्या बाजू उघडता येत, म्हणजे झाड न उपटता मुळे पाहता, छाटता येत आणि माती बदलता येत असे. चौदाव्या लुईचा फळबाग-प्रमुख ला कँतिनी याच्या १६९० साली निघालेल्या ग्रंथात संत्र्यांवर स्वतंत्र प्रबंध आहे. राजाच्या हौसेपायी झालेले हे काम. पण उघडणारी पेटी ही कल्पना मोठी शहाणपणाची होती. पूर्वेकडे उथळ भांड्यातल्या झाडांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. चीनमध्ये इ.स. ७०६ च्या एका राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रात असे भांडे दिसते. जपानने पुढे त्याचे बोन्साय केले आणि ठरावीक वर्षांनी मुळे छाटून माती बदलणे हा त्या कलेचा कणाच ठरला.

मुळे छाटण्याचा अनुभव घ्यायला आपल्याला जपानला जाण्याची मात्र गरज नाही. महाराष्ट्रातले संत्रा-मोसंबीचे बागायतदार बहार धरण्यासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडत आले आहेत. भारी जमिनीत खोडाभोवतीची माती बाजूला करून बारीक मुळ्या उघड्या पाडत, काही छाटत, मग शेणखत आणि माती घालून पाणी देत. अति झाले तर झाड खचते म्हणून आज मुळ्या उघड्या पाडण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही, पण मूळ तुटले म्हणजे झाड मेलेच असे नाही, हे त्यांना ठाऊक होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातील चीमा आणि भट यांनी लिंबूवर्गीय झाडांच्या शेंडेमरीचा, म्हणजे फांदी टोकाकडून वाळत येण्याचा, संबंध पश्चिम भारतातील जमिनींशी जोडून दाखवला. दुखणे शेंड्याला, कारण मुळाशी.

आता आपली गॅलरीतली लिंबोणी. कर्जतकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कोणतेही झाड जूनमध्ये लावावे ही आपली सवय, पण ताज्या कापलेल्या मुळांना सततची ओल घातक. माझ्या मते थंडी ओसरून नवी पालवी डोकावू लागते तो फेब्रुवारीचा शेवट बरा. पहिल्या खेपेला मुळांचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. भिंतीला गुंडाळलेली जाड मुळे आधी. चिकणमाती काठीने हलकेच उकरावी, एकदम सगळी धुऊन टाकू नये. नव्या मिश्रणात विटांचा चाळलेला जाड चुरा, जाड वाळू आणि मुरलेले शेणखत. पहिले वर्ष साध्या कुंडीत. उथळ भांडे नंतर. भांडे लहान केले की वाढ मंदावते, हा बोन्सायचा पायाच आहे. २०१२ साली ६५ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यावर वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त आढळली होती. पाने लहान होतात, फळ मात्र होत नाही. म्हणून कागदी लिंबू बोन्सायला शोभते. पपनस लावाल तर फांदीच मोडेल!

मुळे नव्याने काम करू लागली हे माती न उकरता कसे ओळखायचे? याचे उत्तर स्टीफन हेल्स याच्या १७२७ च्या पुस्तकात आहे. सूर्यफूल, कोबी यांच्याबरोबर त्याने कुंडीतल्या लिंबाच्या झाडाचेही बाष्पोत्सर्जन वजनावरून मोजले. कुंडीचे तोंड तो शिशाच्या पातळ पत्र्याने झाकत असे. आपल्याला प्लॅस्टिकचा कागद पुरेल. सकाळी आणि संध्याकाळी तराजूवर कुंडी ठेवावी आणि घट वहीत लिहावी. छाटणीनंतर झाड सावलीत असताना ही घट कमी राहते. काही आठवड्यांनी, त्याच जागी, तशाच हवेत ती चढू लागली की नवी मुळे पाणी ओढू लागली असे समजावे आणि कुंडी सकाळच्या उन्हाकडे सरकवावी.