निरोप राहून गेला

नाना, म्हणजे माझे थोरले मामा, मला शेवटचं काय म्हणाले? "मोटर बंद केली का वं?" बस्स. मी "हो नाना" म्हटलं आणि नागपूरची बस धरली. चौथ्या दिवशी फोन आला. भावंडांपैकी प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणाला तरी ते काहीतरी महत्त्वाचं सांगून गेले असतील. (कुणाला सांगितलं असेल तर कृपया इथे लिहा, मी वाट बघतेय.)

त्यानंतर कन्हानला गेले की पुलावर उगीच रेंगाळते. पलीकडे कामठी. १८२१ साली इंग्रजांनी तिथे छावणी वसवली, मद्रासी पलटणी आल्या आणि त्यांच्याबरोबर तमिळ-तेलुगू बोलणारी ख्रिस्ती कुटुंबंही. १८४५ मध्ये नागपूरला आला स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी, वय सत्तावीस. नागपूरकरांना हे नाव कॉलेजमुळे पाठ आहे, माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो. त्याच्या आधी इकडे जर्मन मिशनरी आले होते आणि त्यातले बरेचसे पटकीने गेले. तेव्हा राज्य भोसल्यांचं होतं. १८५४ मध्ये ते खालसा झालं. शाळेत मुलं यायची, पण बाप्तिस्मा घ्यायची वेळ आली की घरात आकांत व्हायचा. अठरा वर्षं राबूनही त्याची मंडळी लहानच राहिली. 'मंडळी' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे जेवायला बसतात तीही मंडळीच.

बाकीच्या वेळात गडी दगड फोडत हिंडायचा, जीवाश्म गोळा करायचा, गोंडांची गाणी उतरवून घ्यायचा. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावाचं.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला तो रिचर्ड टेम्पलबरोबर गेला होता. परतताना तिथल्या शाळेची तपासणी करायला मागे थांबला आणि उशिरा एकटाच घोड्यावर निघाला. बोरीजवळ नाल्याला पूर आला होता. छावणीवर घोडा पोचला, पण पाठीवर कुणी नव्हतं. शोधायला माणसं गेली तेव्हा पाण्यात देह सापडला. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस पूर्ण झाली असती.

म्हणजे त्या मूठभर मंडळीला निरोप मिळालाच नाही. उपदेश नाही की आशीर्वाद नाही. ज्यांनी त्याच्या शब्दावर घरदार, जात, नातीगोती सोडली होती, त्यांनी त्या रात्री काय केलं असेल?

आणि त्यांच्या पुस्तकात तर निरोपांचं केवढं भांडार! पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रं लिहिली, इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात. ती मंडळी म्हणजे भांडणांचं घर. तट पडलेले, कोर्टकज्जे चाललेले, काही जण खुद्द पौलालाच मोजत नव्हते. दुसऱ्या पत्रात तो पानंच्या पानं चिडलाय, दुखावलाय. शेवटाला मात्र चार ओळींत सगळं आवरतो: आनंदात राहा, एका मनाने राहा, शांतीने राहा, आणि मग तिहेरी आशीर्वाद. प्रॉटेस्टंट देवळांत उपासना संपताना आजही बहुधा तोच म्हणतात. मला गंमत वाटते ती ही की भांडकुदळांना शेवटी शाप न देता आशीर्वाद दिलाय, आणि तोही 'तुम्हां सर्वांना' म्हणून. कुणाला वगळलेलं नाही.

त्या ओळींत 'सुधारा' अशा अर्थाचं एक ग्रीक क्रियापद आहे. मार्कच्या शुभवर्तमानात कोळ्याची पोरं होडीत बसून जाळी नीट करत असतात, तिथेही तेच क्रियापद. हे कळलं तेव्हा मला आमचे कन्हानचे ढीवर आठवले. दुपारी काठावर मांडी घालून, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून फाटलेलं विणत बसलेले. नवं जाळं घेण्याची गोष्ट कुणी काढत नसे.

जाता जाता, नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या साहेबाने नवा करार दिला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना. ती गाडी याच नदीवरून जाते. तो साहेब पुन्हा कधी भेटला नाही, आणि टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईला झाला. असो, विषय भरकटला.

हिस्लॉपचे कागद तसेच पडले होते, अर्धवट. टेम्पलने ते जुळवून १८६६ मध्ये छापले. गोंडांची लिंगोची कथा आपल्यापर्यंत आली ती त्यातून. कॉलेज १८८३ चं, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. मंडळीही टिकली. कशी टिकली, कुणी कुणाचे डोळे पुसले, कुठल्या रविवारी पहिल्यांदा त्याच्याशिवाय उपासना झाली, हे मला त्या कागदांपेक्षा जास्त वाचायला आवडलं असतं.

मागच्या महिन्यात कन्हानला मामीकडे राहिले. रात्री झोपायच्या आधी मामी अंगणातून ओरडली, "मोटर बंद केली का वं?" आम्ही दोघीही क्षणभर गप्प झालो. मग मी उठून बघून आले. चालूच होती.