बांधाचा वाद: कधी लढायचं, कधी मिटवायचं?

पेरणी तोंडावर आली की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते: शेजाऱ्याने बांध कोरला. वाद दोन फुटांचा असतो, पण त्यापायी भाऊबंदकी पेटते, हाणामारी होते, दावा पुढच्या पिढीपर्यंत चालतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण प्रत्येक वाद सोडून देण्यासारखा असतो का?

आधी मोजणी, मग भांडण

सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव आणि क्षेत्र असतं, हद्द दिसत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो. ही मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते.

मग हिशोब करा. 300 फूट लांबीच्या बांधावर 2 फूट जमीन गेली, तर नुकसान 600 चौरस फुटांचं. एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा असतो. म्हणजे वाद अर्ध्या गुंठ्याहून थोड्या जास्त जमिनीचा आहे. वकिलाची फी, तारखांना बुडणारे दिवस आणि तुटणारं नातं याच्याशी ताडून बघा.

कुठे गप्प बसू नये?

अतिक्रमण: दुसऱ्याने मालकी सांगत जमीन उघडपणे ताब्यात ठेवली आणि मूळ मालकाने 12 वर्षांत दावा केला नाही, तर 1963 च्या मुदत कायद्यानुसार तो हक्क गमावू शकतो.

रस्ता: वहिवाटीची वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. वाटच बंद झाली तर ऊस, कांदा बाहेर काढायचा कसा? इथे लढाई जमिनीच्या तुकड्याची नाही, पोटाची असते.

मिटवायचं असेल तर?

एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल, तर राज्य सरकारची 2023 मध्ये आलेली सलोखा योजना आहे. किमान 12 वर्षांचा असा ताबा आणि दोघांची संमती असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी लागते. पंचनामा तलाठी आणि मंडळ अधिकारी करतात. योजना मुदतीची आहे, त्यामुळे ती चालू आहे का, हे तलाठ्याकडे आधी विचारावं.

दावा कोर्टात गेला असेल, तर लोकअदालतीचा मार्ग आहे. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

तोंडी तडजोड का पुरत नाही?

दोन शेजाऱ्यांनी चहावर मिटवलेला वाद त्यांच्या मुलांना माहीत नसतो. जमीन विकायची वेळ आली किंवा वारस नोंद झाली की तो पुन्हा उकरला जातो. म्हणून दोन फूट सोडायचे असले तरी ते कागदावर सोडावेत आणि लढायचं असलं तर मुदत संपायच्या आत लढावं.